उधारीची वही आणि उंबरावरचा जक्कय : येशूच्या वाटेवर नव्यानं येणाऱ्यांसाठी

बेळगावच्या वडगावात माझं किराणा दुकान आहे. समोरच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड सकाळी सुरू होते ती रात्रीपर्यंत. विणकर, कांड्या भरणाऱ्या बायका, रिक्षावाले, येळ्ळूर रस्त्याकडचे शेतकरी हे माझं गिऱ्हाईक. रविवारी सकाळी मी दुकान बंद ठेवून उपासनेला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं गर्दी ओसरली की कुणीतरी काउंटरला टेकून विचारतंच. परवा तिशीतला एक पोरगा म्हणाला, "अण्णा, शनिवारी पगार होतोय, सोमवारी संपतोय. परत मागावर. असंच करत म्हातारा होणार काय मी?" एका ताईची दोन्ही मुलं बेंगळूरूला गेली आहेत. तिचं म्हणणं होतं, घर बांधून झालं, कर्ज फिटलं, आता सकाळी कशासाठी उठायचं?

मी पाळक (पास्टर) नाही, धर्मशास्त्र शिकलेला नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी या वाटेवर आलो आणि बऱ्याच ठेचा खाल्ल्या. ज्यांना येशूकडं वळावंसं वाटतंय, किंवा जे ख्रिस्ती घरातच जन्मले खरं आता कुठं मनापासून सुरुवात करतायत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याला वाटतं, जगण्याचा अर्थ आधी कळू दे, मग तसं वागू. येशूनं क्रम उलटा सांगितलाय. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या पुस्तकात, सातव्या अध्यायाच्या सतराव्या वचनात तो म्हणतो की ज्याला देवाच्या इच्छेप्रमाणं करायचंय, त्यालाच ही शिकवण देवाकडची आहे का ते कळेल. आमच्या गल्लीत हे समजावणं सोपं जातं. नुसता ताणा, म्हणजे उभे धागे, बघून साडीची नक्षी कळत नाही. आडवा धागा नेणारा धोटा फिरायला लागला, बाणा, म्हणजे तो आडवा धागा, भरत गेला, की बोटबोट कापडावर ती उमटते. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं धोटा फिरवण्याबद्दल आहे.

आपला प्रश्न खरा लिहून काढा

एका कागदावर दोन ओळी. "मला शांती हवी" असलं मोघम लिहू नका. काय टोचतंय ते लिहा : भावाशी बोलणं तुटलंय, दारू सुटत नाही, सगळं मिळूनही रिकामं वाटतंय. मग पवित्र शास्त्रात 'उपदेशक' नावाचं बारा अध्यायांचं छोटं पुस्तक आहे, त्याचे पहिले दोन अध्याय वाचा. तिथं एक राजा सांगतो की मी वाडे बांधले, द्राक्षमळे लावले, सोनं-रुपं साठवलं, गाणारे ठेवले, आणि सगळं व्यर्थ निघालं. मूळ इब्री शब्द आहे 'हेवेल', म्हणजे वाफ, श्वास. थंडीत सकाळी राजहंसगडाकडं बघा, धुक्यात गड दिसत नाही, आणि नऊ वाजेपर्यंत ते धुकं कुठं गेलं सांगता येत नाही. ते हेवेल. तुमच्या मनातला प्रश्न देवाला नवा नाही, तो त्याच्याच पुस्तकात लिहून ठेवलाय, हे कळलं की पुष्कळ धीर येतो. मला आला.

मार्कपासून सुरुवात करा, हातात पेन्सिल घेऊन

नवीन माणूस पहिल्या पानापासून बायबल वाचायला घेतो आणि वंशावळ्या आणि नियमशास्त्रात अडकून सोडून देतो. तसं करू नका. मार्कचं शुभवर्तमान घ्या. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं. गोष्ट पळत राहते. रोज एकच प्रसंग वाचा, दहा-बारा वचनं. वाचून झाल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा : येशू इथं काय करतोय? काय सांगतोय? आणि आज रात्रीपर्यंत मला यातलं काय करता येईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर समासात लिहा. ते लिहिलं नाही तर वाचन नुसतं वाचनच राहतं.

भाषेबद्दल थोडं, कारण आपल्या भागात हा प्रश्न खरोखर येतो. मराठीत नव्या कराराचं (बायबलचा येशूपासूनचा भाग) पहिलं भाषांतर विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली निघालं. पुढं पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. ते पूर्ण रूपात १९२४ साली आलं, त्याआधी दोन वर्षं रमाबाई गेल्या होत्या. आज जुन्या वळणाच्या मराठीतलं आणि सोप्या मराठीतलं अशी दोन्ही भाषांतरं मिळतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मोठ्यानं वाचतात ते बहुतेक जुन्या वळणाचं, नवख्यानं घरी सोपं घ्यावं. आणि शाळा कन्नडमध्ये झाली असेल, वाचताना कन्नड अक्षर पटकन लागत असेल, तर खुशाल कन्नड बायबल घ्या. आमच्या घरात मी मराठी वाचतो, मुलगी कन्नड वाचते आणि जेवताना एकच गोष्ट दोघं आपापल्या शब्दांत आईला सांगतो. आई वारकरी आहे. ती ऐकते, कधी कधी असा प्रश्न विचारते की उत्तर शोधायला मला दोन दिवस लागतात.

प्रार्थना

याबद्दल फार लिहीत नाही, कारण ती करूनच येते. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूनं शिष्यांना एक प्रार्थना शिकवली. ती पाठ करा. तिच्यात "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" असं मागणं आहे : आजची, महिन्याची नव्हे. आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याला ही प्रार्थना माझ्यासारख्या दुकानदारापेक्षा लवकर कळते. शटर वर करण्याआधी दोन मिनिटं, माग सुरू करण्याआधी दोन मिनिटं, एवढं पुरे. शब्द सुचले नाहीत तर मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप जे म्हणाला ते म्हणा : माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. आजारी मुलाला घेऊन आलेल्या त्या बापाला येशूनं परत पाठवलं नाही.

एक आज्ञा, आजच

इथं मला थांबून बोलायचंय. माझी वाट इथंच फिरली.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहो गावचा जक्कय आहे, जकातदारांचा मुख्य. पैसेवाला, बुटका, गावाला नकोसा. येशूला बघायला तो उंबरावर चढतो. येशू झाडाखाली थांबून त्याला नावानं हाक मारतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की माझं अर्धं गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

मी हे वाचत होतो तेव्हा दुकानातच बसलो होतो. पहाटेची वेळ, शटर अर्धं खाली. तिसऱ्या प्रश्नाशी आलो आणि पेन्सिल थांबली. काउंटरखाली लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही होती. रोखीनं चाळीसला दिलेली साखर त्या वहीत त्रेचाळीस लागायची. तेल, शेंगदाणे, चहापूड, सगळ्याला दोन-तीन रुपये वरचे. व्याज म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणाला सांगितलेलंही नव्हतं. उधारी बुडते, धोका असतो, सगळेच करतात, असं मी मनाला पटवून ठेवलं होतं. त्या दिवशी बायबल मिटलं ते पुढचे चार दिवस उघडलं नाही.

पाचव्या दिवशी आईनं विचारलं, "पुस्तक का रे बंद?" मी सांगितलं. ती तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "मग वही काढ की."

तीन रात्री लागल्या. मागची दोन वर्षं काढली, कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एकतीस नावं निघाली. चौपट देण्याची माझी ऐपत नव्हती. पास्टरांना विचारलं, ते म्हणाले, घेतलंय तेवढं आधी परत कर, माफी माग, पुढचं देव दाखवेल. बायकोला काळजी होती, कारण मुलीच्या फीचे पैसे त्यातच होते. तिचं चूक नव्हतं. आम्ही ठरवलं, महिन्याला पाच-सहा घरं.

पहिल्यांदा गेलो ते कांड्या भरणाऱ्या एका म्हातारीकडं. तिचे सहाशे चाळीस रुपये निघत होते. पैसे पुढं केले, काय केलं होतं ते सांगितलं. मान वर करवत नव्हती. तिनं नोटा दोनदा मोजल्या, कमरेच्या पिशवीत खोचल्या आणि म्हणाली, "मला ठावं होतं की रे. खरं दुसरीकडं उधार कोण देतंय?" मग म्हणाली, "बस. च्या करतो." आणि मी बसलो.

तिला ठाऊक होतं. दोन वर्षं ती रोज माझ्या दुकानात येत होती, मला नमस्कार करत होती, आणि तिला ठाऊक होतं. पापाची क्षमा म्हणजे काय यावर मी चार प्रवचनं ऐकली होती, खरं ते कळलं त्या चहाच्या कपाशी.

या गोष्टीतला क्रम नीट बघा, नाहीतर फार चुकीचं शिकाल. येशू जक्कयाच्या घरी आधी जातो, जक्कय पैसे नंतर देतो. आज्ञापालन ही देवाच्या प्रेमाची किंमत नव्हे. इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं मिळतं, कर्मानं मिळत नाही, आणि लगेच पुढं लिहितो की आपल्याला सत्कृत्यांसाठी घडवलंय. दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत. पहिलं विसरलात तर देव सावकार वाटायला लागतो. दुसरं विसरलात तर विश्वास रविवारच्या कपड्यांसारखा कपाटात राहतो.

तुमची 'एक आज्ञा' कशी ओळखायची? माझ्या अनुभवात ती चार ओळखींनी कळते. ती लहान असते. तिच्यात एखादा जिवंत माणूस असतो, ज्याच्याकडं तोंड घेऊन जावं लागतं. तिची थोडी झळ बसते. आणि ती तुम्हाला आधीपासून ठाऊक असते, वचन वाचताना फक्त टाळता येईनाशी होते. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाचं काही मन दुखलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपल्या खेड्यांत बांधावरून सख्खे चुलतभाऊ वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. खानापूर भागातून आमच्या मंडळीत येणाऱ्या एका शेतकऱ्यानं पहिली आज्ञा हीच धरली : भाताची रोपं लावायच्या दिवशी चुलत्याच्या शेतात न बोलावता जाऊन चिखलात उतरला. चुलता दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी भाकरीचं गठुडं याच्याही पुढं सरकवलं.

काय करू नये तेही सांगतो. भावनेच्या भरात नोकरी सोडू नका, जमीन विकू नका, चाळीस दिवसांच्या उपासाचा नवस बोलू नका. क्षयाची, रक्तदाबाची, साखरेची औषधं बंद करू नका. प्रार्थना आणि गोळी एकाच घोटाबरोबर जातात. "विश्वास असेल तर औषध टाका" असं जो सांगेल, किंवा प्रार्थनेचे पैसे मागेल, त्याच्याकडं परत जाऊ नका.

मंडळीत पहिला रविवार

एकट्यानं हे फार दिवस टिकत नाही. बेळगावात सुवार्तेचं काम जुनं आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथं १८२० साली आले, पुढं ते काम मेथडिस्ट मंडळीकडं गेलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ सालचा. शहरात मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी अशा भाषांत उपासना होतात, म्हणून वेळ आणि भाषा आधी विचारून घ्या.

पहिल्यांदा गेलात तर मागच्या बाकावर बसा. लोक उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. अर्पणाची पिशवी पुढं आली आणि काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. भाकर वाटतात त्या प्रभुभोजनाच्या, किंवा कॅथलिकांच्या मिस्सेतल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाप्तिस्मा (पाण्यानं होणारी दीक्षा) नसलेल्यांनी जागेवरच बसायचं असतं. त्यात तुमचा अपमान नाही. मराठी उपासनेत नारायण वामन टिळकांची गीतं कानावर पडतील. अभंगाच्या वळणाची आहेत ती, हरिपाठावर वाढलेल्या कानाला ओळखीची वाटतील. माझ्या आईनं एकदा दाराबाहेर उभं राहून ऐकलं आणि घरी येऊन तीच चाल गुणगुणत होती.

उपासना संपल्यावर पटकन निघू नका. बाहेर चहाशी एखाद्या वडीलधाऱ्याला सांगा, मी नवीन आहे, मला कुणीतरी आठवड्यातून एकदा भेटेल का? हे विचारायला लाज वाटते. विचारा. मंडळीत राग येईल असंही काही दिसेल : मानपान, गटबाजी, दोन कुटुंबांचं जुनं वैर. मलाही दिसलं, एकदा तर मी तीन महिने गेलो नाही. त्या तीन महिन्यांत मी त्यांच्यापेक्षा बरा झालो असं काही घडलं नाही.

आणि सीमाभागातली गोष्ट. १ नोव्हेंबरला आपल्या गावात एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसरीत मराठी माणसं काळा दिवस पाळतात. १९५६ पासूनचं दुखणं आहे, ते मलाही आहे, आणि मराठीवर प्रेम करणं सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्यानंतरच्या रविवारी मी ज्या बाकावर बसतो, तिथं माझ्या शेजारी कन्नड बोलणारे एक निवृत्त मास्तर असतात. एकच भाकर मोडली जाते, त्यातला तुकडा त्यांना आणि मला. इफिसकरांच्या त्याच दुसऱ्या अध्यायात येशूनं मधली आडभिंत पाडली असं म्हटलंय. त्या वर्षी माझी आज्ञा होती त्यांच्याकडून कन्नडमध्ये प्रभूची प्रार्थना शिकून घेणं. त्यांनी माझ्याकडून मराठीतली घेतली. त्यांचा 'ळ' माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

घरच्यांशी

घाई करू नका. देव बदलला म्हणजे आई-वडील बदलत नाहीत, आणि त्यांचा मान राखायची आज्ञा दहा आज्ञांतच आहे. घरातले फोटो काढून टाकणं, सणाला तोंड फिरवणं, आरतीच्या वेळी वाद घालणं, यानं कुणाचं मन येशूकडं वळलेलं मी पाहिलेलं नाही. प्रसाद घ्यावा की नाही यावर विश्वासणाऱ्यांत वेगवेगळी मतं आहेत. पौलानं पहिल्या करिंथकरांच्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात याचा नीट विचार केलाय, तो वाचा, पाळकांशी बोला, आणि जे ठरेल ते प्रेमानं सांगा. मी स्वतः आईला आषाढीला गाडीत बसवून देतो, तिची पिशवी उचलतो, परत आली की पाय चेपतो. मी विठ्ठलाला हात जोडत नाही हे ती जाणते, आणि मी तिच्या वारीची चेष्टा करत नाही हेही जाणते.

गीतं लिहिणाऱ्या त्याच नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या दुःखात, दूर राहिल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनानं, आपल्या वेळी. घरातल्या माणसाला एवढा वेळ देता आला पाहिजे.

बाप्तिस्म्याबद्दल

मंडळीत निदान वर्षभर शिकल्याशिवाय बाप्तिस्मा मागू नका, हे माझं मत. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं प्रत्येकाला आपापल्या विवेकानं धर्म मानायचं स्वातंत्र्य दिलंय. त्याचबरोबर राज्यात धर्मांतराबद्दल त्या वेळी कोणते नियम लागू आहेत ते वकिलाकडून समजून घ्या. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचे लाभ मिळत नाहीत. दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी यावर परिणाम होतो, म्हणून घरात मोकळेपणानं बोलून, समजून ठरवा. कुणी पैशाचं, नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवलं तर तिथून उठा. येशूनं कुणाला आमिष दाखवलं नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला, आणि येशूनं त्याच्यावर प्रेम केलं आणि त्याला जाऊ दिलं.

कोरडे दिवस आले तर

ते येतातच. वचन वाचून काही वाटत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते. अशा वेळी नवीन पुस्तक, नवीन सभा शोधत फिरू नका. शेवटची आज्ञा कोणती धरली होती ते आठवा आणि ती पुरी झाली का बघा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात महापूर आला तेव्हा बळ्ळारी नाल्याकडची शेतं दिवसच्या दिवस पाण्याखाली होती, खेडोपाडी मातीची घरं बसली. मदतीचं धान्य घेऊन फिरताना मला मत्तयच्या सातव्या अध्यायातली दोन घरं सारखी आठवत होती. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडतो. येशूचे शब्द दोघांनीही ऐकलेले असतात. ज्यानं ऐकून केलं त्याचं घर खडकावर, ज्यानं नुसतं ऐकलं त्याचं वाळूवर, एवढाच फरक तो सांगतो. पाया उन्हाळ्यात खणायचा असतो.

माझ्या लाल वहीत अजून तीन नावं शिल्लक आहेत. एक जण वारले, त्यांच्या मुलीचा पत्ता मिळालाय, हिंडलग्याला दिलीय. एकाचा काहीच माग लागत नाही, त्याचे एकशे ऐंशी रुपये पाकिटात नाव लिहून ठेवलेत. तिसरा विणकर काम कमी झालं म्हणून बायकामुलांसह इचलकरंजीला गेला, कुठल्या भागात ते आता कळलंय. येत्या अमावास्येला माग बंद असतील, गिऱ्हाईक कमी असेल, सकाळच्या निपाणी गाडीनं निघतो.